ॲरिझोनातल्या सातवीच्या वर्गापर्यंत: माझा अनुभव

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात सातवीला गणित शिकवायच्या नोकरीची माझी मुलाखत रात्री साडेआठला होती, कारण तेव्हा तिथे सकाळचे आठ वाजतात. समोर पडद्यावर तिघी: मुख्याध्यापिका, गणित विभागाच्या प्रमुख आणि शाळा चालवणाऱ्या डिस्ट्रिक्टच्या एचआर विभागातल्या एक बाई. अपूर्णांकांच्या भागाकारावर माझा दहा मिनिटांचा पाठ झाला, नेहमीचे प्रश्न झाले. शेवटी त्यांनी विचारलं, "तुम्हाला काही विचारायचंय?" मी विचारलं, "ही जागा किती दिवस रिकामी आहे?"

मुख्याध्यापिकेने काहीच लपवलं नाही. कायमचा शिक्षक मिळत नाही म्हणून त्या वर्गाने एका वर्षात चार सबस्टिट्यूट, म्हणजे तात्पुरते बदली शिक्षक, पाहिले होते. गाव लहान, शहर दीड तासावर, गाडीशिवाय पान हलत नाही, हेही त्यांनी आपणहून सांगितलं. इतर दोन डिस्ट्रिक्टनी मला सुंदर फोटो पाठवले होते. मी या खऱ्या बोलणाऱ्यांची निवड केली आणि ते बरोबर ठरलं.

तिथली डिस्ट्रिक्ट म्हणजे आपला महसुली जिल्हा नव्हे. काही शाळांचा कारभार पाहणारी ती स्वतंत्र संस्था असते, तिचं निवडून आलेलं मंडळ असतं, पैसा बराचसा राज्याकडून आणि स्थानिक मालमत्ता करातून येतो. शिकवण्याचा परवाना मात्र राज्य देतं, आणि एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात आपोआप चालत नाही. गणित, विज्ञान आणि विशेष शिक्षण या विषयांना माणसं मिळणं सगळ्यात कठीण. ॲरिझोनाने तर 2022 मध्ये कायदा करून, पदवी पूर्ण व्हायच्या आधीच, कॉलेजात शिकता शिकता वर्गावर प्रशिक्षण घ्यायची वाट मोकळी केली. तुटवडा कुठवर गेला होता ते यावरून कळतं.

आमच्यासारख्या परदेशी शिक्षकांसाठी मार्ग असतो जे-1 व्हिसाचा, म्हणजे ठरावीक मुदतीच्या देवाणघेवाणीच्या व्हिसाचा. पदवी हवी, किमान दोन वर्षांचा शिकवण्याचा अनुभव हवा आणि इंग्रजी चांगलं हवं. मी गणिताची बी.एस्सी., बी.एड., सात वर्षं शाळेत. पण नोकरी शोधतानाच मला एजंट भेटला. मुलाखत व्हायच्या आधी पाच लाख, उरलेले पगारातून. नवऱ्याने सरळ नाही म्हटलं. तेव्हा मला राग आला होता. नंतर लुइझियानातल्या 350 फिलिपिनो शिक्षकांची हकीकत वाचली. भरती करणाऱ्या कंपनीने त्यांच्याकडून भरमसाट पैसे उकळले होते, आणि 2012 मध्ये ज्यूरीने कंपनीला या शिक्षकांना 45 लाख डॉलर भरपाई द्यायला सांगितली. ते वाचून अंगावर काटा आला. शिक्षक कर्ज काढून येत असेल तर ते डिस्ट्रिक्टला माहीत असलंच पाहिजे. शेवटी मी थेट अशा डिस्ट्रिक्टकडे अर्ज केला, जी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेल्या प्रायोजक संस्थेमार्फत माणसं घेते आणि त्या संस्थेची फी स्वतः भरते.

खरा वेळ खाल्ला कागदांनी. परदेशी पदव्या तपासणारी तिथली मूल्यमापन संस्था विद्यापीठाचा ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे गुणांचा अधिकृत उतारा, विद्यापीठाकडूनच मागते, सीलबंद. परीक्षा विभागात मी अकरा वेळा गेले. एकदा लिफाफ्यावर शिक्का नव्हता, एकदा मार्कलिस्टवर माझं माहेरचं नाव आणि अर्जात सासरचं. त्यात आपली बी.एस्सी. तीन वर्षांची, त्यांची पदवी चार वर्षांची. बी.एड. जोडल्यावर हिशेब जुळला. त्या अडीच महिन्यांत मी दोनदा सोडून द्यायचं ठरवलं होतं. दोन्ही वेळा एचआरच्या बाईंची मेल आली: कुठवर आलं, काय अडलंय, मी कुणाशी बोलू का. जागा धरून ठेवल्याचं पत्रही त्यांनी मी न मागता पाठवलं.

नंतर सगळं भराभर झालं. प्रायोजकाकडून डीएस-2019 फॉर्म आला, म्हणजे जे-1 साठी लागणारं पात्रतेचं प्रमाणपत्र, सेव्हिसचे (परदेशी विद्यार्थी आणि देवाणघेवाणीवर येणाऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेचे) 220 डॉलर भरले, व्हिसाचे 185. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याने दोनच गोष्टी विचारल्या: काय शिकवणार, आणि परत येऊन काय करणार. तीन मिनिटांत आटोपलं.

पोचल्यावरचा पहिला महिना कुणी सांगत नाही, म्हणून लिहिते. बोटांच्या ठशांचं कार्ड, सोशल सिक्युरिटी नंबर, बँक खातं, घर, यातलं प्रत्येक काम दुसऱ्यावर अडलेलं. घरमालक क्रेडिटचा, म्हणजे कर्ज आणि बिलं वेळेवर फेडल्याचा, इतिहास मागतो, आणि माझा त्या देशातला इतिहास सहा दिवसांचा. पगार महिनाअखेर. डिस्ट्रिक्टने इथे मला वाचवलं. पहिले सहा आठवडे एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी खोली दिली, पगाराची उचल दिली आणि गाडी शिकेपर्यंत शेजारच्या वर्गाच्या शिक्षिकेने मला रोज नेलं-आणलं. माझ्यासोबत दुसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये आलेली एक मैत्रीण पहिले नऊ दिवस मोटेलमध्ये, स्वतःच्या खर्चाने राहिली. ती वर्ष संपताच परतली. भरतीच्या जाहिरातीवर झालेला सगळा खर्च तिथे वाया गेला, असं मला आजही वाटतं.

आणि वर्ग. पहिल्या दिवशी मी नाव सांगितलं, फळ्यावर लिहिलं, तर मागून एका मुलीने विचारलं, "तुम्ही केव्हापर्यंत आहात?" उद्धटपणा अजिबात नव्हता त्यात. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, मेपर्यंत नक्की. ती म्हणाली, "बघू."

त्या उत्तराने मला फार विचार करायला लावलं, कारण मीही मुदतीचीच आहे. जे-1 वर तीन वर्षं, वाढवून मिळाली तर जास्तीत जास्त पाच. मग देश सोडायचा, आणि पुन्हा याच मार्गाने यायचं तर आधी दोन वर्षं बाहेर राहायचं. म्हणजे आमच्यावर विसंबलेली डिस्ट्रिक्ट दर काही वर्षांनी पुन्हा त्याच रिकाम्या खुर्चीसमोर उभी राहते. काहींनी आठवड्याचे चारच दिवस शाळा ठेवून पाहिलं. मिसुरीतल्या इंडिपेंडन्स डिस्ट्रिक्टने 2023 मध्ये तसं केलं, शिक्षक मिळावेत म्हणूनच. मला स्वतःला टेनेसीची वाट जास्त पटते. 2022 मध्ये तिथे शिक्षक होण्यासाठी रीतसर ॲप्रेंटिसशिप सुरू झाली: गावातच राहणारी माणसं शाळेत पगारावर काम करता करता शिक्षक होतात. ती गाव सोडून कशाला जातील?

आमच्या डिस्ट्रिक्टनेही तसं काही सुरू केलंय. माझ्या वर्गातली मदतनीस त्यातच आहे. दोन मुलांची आई, याच शाळेत शिकलेली, संध्याकाळी ऑनलाइन पदवी करते आणि फी डिस्ट्रिक्ट भरते. माझं हे तिसरं वर्ष. मुदतवाढीचा अर्ज मी केलाय, पण एकाच वर्षासाठी, तिची पदवी होईपर्यंत. सध्या गुरुवारचा तास ती घेते. मी मागे बसून टिपणं काढते, आणि मुलं गेल्यावर आम्ही दोघी ती वाचतो. गेल्या आठवड्यात तिने ऋण संख्यांची वजाबाकी गावातल्या कोरड्या नदीच्या पातळीवरून शिकवली. मला ते तीन वर्षांत सुचलं नव्हतं.