न्यूझीलंडमधला सहा आठवड्यांचा संसार

आम्ही दोघे न्यूझीलंडला सहा आठवडे जाणार, तेही कॅम्परव्हॅन, म्हणजे झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, भाड्याने घेऊन, हे कळल्यावर बहुतेक नातेवाइकांनी सहलकंपनीबरोबर जाण्याचाच सल्ला दिला. हे अडुसष्ट वर्षांचे, मी चौसष्टची. त्यामुळे त्यांची काळजी खोटी नव्हती. पण यांना प्रोस्टेटच्या त्रासामुळे रात्री दोन-तीनदा उठावे लागते, दिवसाही दर दीड-दोन तासांनी थांबावे लागते, आणि चाळीस माणसांच्या बसमध्ये प्रत्येक वेळी गाइडला विनंती करणे त्यांना फार जड जाते. मागच्या एका सहलीत त्यांनी संकोचापोटी दिवसभर पाणी पिणेच सोडले होते आणि त्याचे पर्यवसान मूत्रमार्गाच्या संसर्गात झाले. पलंगापासून चार पावलांवर स्वतःचे शौचालय असेल तरच पुढचा मोठा प्रवास करायचा, असे आम्ही तेव्हाच ठरवले होते. हे इतके स्पष्ट लिहिते आहे, कारण आमच्या वयाची कितीतरी माणसे नेमक्या याच कारणाने घरी बसतात आणि कारण मात्र कोणाला सांगत नाहीत.

न्यूझीलंड निवडताना तीन गोष्टी आमच्या सोयीच्या वाटल्या. तिथे आपल्यासारखेच रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवतात. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असेल तर नेहमीची औषधे तीन महिन्यांपुरती नेता येतात. अपघातात इजा झाली तर त्या देशाची सरकारी योजना परदेशी पाहुण्यांच्याही उपचारांचा भार उचलते. आजारपण मात्र त्यात येत नाही, म्हणून प्रवासविमा घ्यावाच लागतो. विमानतळावर खाण्याचा प्रत्येक जिन्नस अर्जात लिहून द्यावा लागतो. मी गोडा मसाला, मेतकूट आणि पोह्यांची पाकिटे दुकानातल्या सीलबंद स्वरूपातच नेली होती व सगळी लिहून दिली होती. अधिकाऱ्याने एकेक पाकीट पाहून परत दिले.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ऑकलंडला गाडी ताब्यात घेतली. तिच्यावर 'सेल्फ-कंटेन्ड' असल्याचा हिरवा परवाना होता. 2023 च्या कायद्यानुसार हा परवाना मिळण्यासाठी गाडीत कायमचे बसवलेले शौचालय असावे लागते, आणि निदान तीन दिवसांचे पाणी व सांडपाणी गाडीतच साठवण्याची सोय असावी लागते. यामुळे ठरवून दिलेल्या मोकळ्या जागांवर रात्री मुक्काम करता येतो. भरलेले सांडपाणी आणि शौचालयाची पेटी गावोगावच्या डम्प स्टेशनवर नेऊन रिकामी करायची, पेटी धुवायची, आणि नंतर वेगळ्या नळावरून पिण्याचे पाणी भरायचे, असा तिथला रिवाज आहे. लग्नाच्या चाळीस वर्षांत घरातले शौचालय यांनी कधी घासले नव्हते. पहिल्या डम्प स्टेशनवर मात्र यांनी रबरी हातमोजे घातले आणि म्हणाले, "अगं, हे काम माझं. तू पाण्याचं बघ." तेव्हापासून शेवटच्या दिवसापर्यंत त्या पेटीला मला हात लावू दिला नाही.

पाण्याचे काम मी मनापासून केले. लहानपणी आमच्याकडे आडावरून पाणी शेंदावे लागे, त्यामुळे कळशीचा हिशेब अंगात मुरलेला आहे. तांदूळ धुतलेल्या पाण्यात खरकटी भांडी विसळणे, एकाच पातेल्यात खिचडी आणि त्यावरच्या ताटलीत भाजी वाफवणे, अशा युक्त्यांनी आमची टाकी तीन दिवस सहज पुरत असे.

उत्तर बेटावरून वेलिंग्टनला पोहोचायला आम्ही बारा दिवस घेतले. तिथल्या 'ते पापा' नावाच्या संग्रहालयात काशाच्या जहाजघंटेचा एक तुटका भाग आहे. तिच्या कडेवर तमिळ अक्षरे कोरलेली आहेत, आणि विल्यम कोलेन्सो या मिशनऱ्याला ती सापडली तेव्हा माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी, स्त्रिया तिच्यात बटाटे उकडत होत्या. ती तिथवर कशी पोहोचली हे आजही कोणाला उलगडलेले नाही. मी त्या काचेसमोर बराच वेळ उभी होते. आपल्याकडच्या किनाऱ्यावरून निघालेले काहीतरी इतक्या दूर येऊन कोणाच्या तरी चुलीवर चढले, ही गोष्ट मनातून जाईना.

दुसऱ्या दिवशी दक्षिण बेटावरच्या पिक्टनला जाणारी फेरीबोट पकडली. दाभोळ-धोपावे फेरीबोटीत गाडी चढवण्याचा यांना सराव होता, तरी इथे मालट्रकांच्या रांगेत, पोलादी पोटात गाडी नेताना मी श्वास रोखून बसले होते. गाडी चढवण्यापूर्वी गॅस सिलिंडर बंद करावा लागतो. 92 किलोमीटरच्या या प्रवासाला साधारण साडेतीन तास लागतात. दोन बेटांमधल्या कुकच्या सामुद्रधुनीत पश्चिमेचा वारा कोंडल्यासारखा वाहतो. मधला तासभर बोट चांगलीच डोलत होती, आणि मी आल्याची वडी तोंडात धरून क्षितिजाकडे पाहत बसले. मग टोरी चॅनेलच्या अरुंद तोंडातून बोट आत शिरली आणि पाणी एकदम निवांत झाले. दोन्ही बाजूंना बुडालेल्या दऱ्यांचे हिरवे डोंगर होते. हे एवढा वेळ डेकवर उभे होते, गुडघा दुखत असूनही.

दक्षिण बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर एकपदरी पूल पुष्कळ आहेत. निळ्या पाटीवर मोठा पांढरा बाण असेल तर आपला हक्क, आणि लाल कडेच्या गोल पाटीवर आपल्या बाजूचा बाण लहान व लाल असेल तर थांबायचे. प्रत्येक पुलाआधी मी मोठ्याने "थांबा" किंवा "चला" म्हणायचे. एका वळणावर वरचा खण नीट बंद न केल्यामुळे गोड्या मसाल्याचा डबा खाली पडला आणि पुढचे तीन आठवडे आमच्या अंथरुणालाही दगडफूल आणि खोबऱ्याचा वास येत राहिला.

या सगळ्या प्रवासातली मला सर्वांत प्रिय रात्र गाडीत नव्हे, बोटीवर गेली. डाउटफुल साउंड ही दक्षिण बेटाच्या नैर्ऋत्येची, डोंगरांत आत शिरलेली समुद्राची खाडी; तिथे थेट जाणारा रस्ता नाही. मानापौरी सरोवर बोटीने ओलांडायचे, मग बसने विल्मट खिंड चढून उतरायची आणि डीप कोव्हला दुसऱ्या बोटीत बसायचे. कॅप्टन कुक 1770 मध्ये इथल्या तोंडाशी आला होता. आत शिरलो तर बाहेर पडायला वारा मिळेल की नाही, या शंकेने तो परत फिरला आणि 'डाउटफुल', म्हणजे शंकास्पद, हेच नाव राहिले. त्या रात्री पाऊस लागला. फिओर्डलँडच्या या किनाऱ्यावर आपल्या आंबोलीसारखाच धो धो पाऊस पडतो. डोंगरावरून उतरणारे ते पाणी जंगलातल्या पालापाचोळ्याने चहासारखे तांबूस होते आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा थर होऊन तरंगते. पहाटे कप्तानाने इंजिन आणि जनरेटर दोन्ही बंद केले व सर्वांना काही मिनिटे न बोलण्याची विनंती केली. दूरच्या धबधब्यांचा आवाज आणि मधेच एका पक्ष्याची शीळ, एवढेच कानावर येत होते. यांनी माझा हात धरला होता.

ख्राइस्टचर्चला गाडी परत करण्याआधी आम्ही शेवटच्या डम्प स्टेशनवर थांबलो. पेटी एकदा धुतली असती तरी चालले असते, पण यांनी ती तीनदा धुतली. मी नळी धरून उभी राहिले. चौथ्यांदा त्यांनी पाणी भरून ते स्वच्छ दिसते का हे उजेडात धरून पाहिले, आणि मग झाकण लावले.