बारातला एक

मंगळवार, रात्री साडेअकरा. पाऊस थांबलाय खरं पन्हाळीतनं अजून थेंब पडायलेत.

काल कॅमेऱ्याचा रोल धुतला. बारा फोटोंतला एकच बरा आलाय आणि तो मी काढलेला नाही, काकूनं काढलाय. झालंय एवढंच. पण आज दिवसभर ऑफिसात तेच डोक्यात, दुपारी डबा उघडला तेव्हाही तेच, शेवटी म्हटलं लिहून टाकावं, नाहीतर आज पण झोप नाही.

काकू म्हणजे जिला मोबाईलवर फोटो काढायला सांगितलं की व्हिडिओ चालू होतो आणि तिला कळत पण नाही, ती काकू. आणि मी चार वर्षं झाली या नादात. सनी सिक्स्टीन पाठ, म्हणजे कडक उन्हात अॅपर्चर, उजेड आत यायचं भोक, 16 वर आणि शटर एक भागिले फिल्मचा आयएसओ एवढे सेकंद, आयएसओ म्हणजे फिल्म किती पटकन उजेड पकडते तो आकडा, झोपेत विचारा. डी-76 मोरीत बसून स्वतः कालवतो, कोडॅकचं 1927 सालापासूनचं डेव्हलपर आहे, म्हणजे रोल धुवायचं केमिकल, पुडी पाण्यात नीट विरघळेपर्यंत हात भरून येतो. गोधडी डोक्यावर घेऊन अंधारात रोल रीळावर चढवतो, घाम, श्वास कोंडतो, बाहेरून बारका विचारतो काका आत काय करायलास. एवढं सगळं मी करायचं आणि फोटो काकूचा चांगला.

आधी वाटलं केमिकल बिघडलं. एकास एक पाणी, 11 मिनिटं, पावसाळ्यात नळाचं पाणी जवळजवळ पाहिजे तेवढंच गार असतं, सगळं बरोबर होतं. निगेटिव्हची पट्टी कपड्याच्या चिमट्यानं दोरीला लावली आणि बल्बसमोर धरून बघितलं तर पहिले नऊ सगळे काळेकुट्ट, आरपार काय दिसंना. ते राजहंसगडावरचे, मे महिन्यातले. काय ऊन होतं त्या दिवशी, बुरुजावर उभा राहून यळ्ळूरकडं तोंड करून मी एकेक फोटोला पाच-पाच मिनिटं लावली होती, ढग कुठं येतोय, सावली कुठं पडतीय. खायचं काम नाही ते. वैनी खालून ओरडत होती की बस्स आता, पोरगं वाळून चाललंय.

मग कागद घेऊन हिशेब केला. कॅमेरा अप्पांचा क्लिक थ्री, बडोद्याला बनलेला आग्फा, त्याला शटर एकच, सेकंदाचा तिसावा भाग धरा. समोर एक उन्हाचं चित्र आणि एक ढगाचं चित्र, आपण कुठल्यावर ठेवायचं तेवढंच. अप्पांच्या वेळचे रोल, ते ऊटीच्या कारखान्यातले इंदू वगैरे, हळू असायचे, त्यांना उजेड जास्त लागायचा, हे चालायचं. मी घातला चारशे आयएसओचा, कमी उजेडावर भागणारा. चारशेचा रोल मेमधल्या उन्हात, शटर तिसाचं, म्हणजे चार-पाच स्टॉप जास्त उजेड घुसला, दर स्टॉपला दुप्पट, आणि निगेटिव्हवर जास्त उजेड म्हणजे जास्त काळं. सनी सिक्स्टीन पाठ असलेला माणूस. कॅमेरा जुना, रोल महागाचा, घालणारा शहाणा, चूक कुणाची ते सांगायला नको.

आणि काकूचा फोटो पडवीतला. जुलैमधला रविवार, सकाळपासून धो धो, माग बंद कारण लाईट नव्हती, सगळे पडवीत चिरमुरे खात बसलेले. त्या अंधुक उजेडाला तो चारशेचा रोल अगदी चपखल बसतो, काकूला यातलं कायच माहीत नाही आणि मीटरनं मोजल्यासारखं एक्स्पोजर. वर ती लांब जाऊन उभी, अंगणाच्या पलीकडं गोठ्याच्या दाराशी, कारण जवळ आलं की मशीन बिघडतंय म्हणून तिची समजूत. आणि या कॅमेऱ्यात जवळचं धूसरच येतं, लांबचंच नीट येतं! मी मेला चार वर्षं जवळ जवळ जात असतो.

हे सगळं कळलं की बरं वाटायला पाहिजे होतं. नाही वाटलं. कारण उजेडाचा हिशेब लागला तरी तो फोटो चांगला का आहे त्याचा हिशेब लागत नाही.

ती विचारत होती, कुठं बघू? मी म्हटलं त्या वरच्या चौकोनात. "चौकोनात कायच दिसंना गा, नुस्ता पाऊसच दिसायलाय." अप्पा म्हणाले, बोट काढ पुढचं, नाहीतर बोटाचाच फोटो येईल. सगळे हसले. मी चिरमुऱ्याच्या ताटात बघत म्हटलं, बरं आता काढ. तर ती म्हणाली, काढला की मगाशीच. टक् असा बारीक आवाज होतो त्याचा, पावसात कुणाला ऐकू पण आला नाही.

त्यात कुणीच फोटोसाठी बसलेलं नाही. बारक्याचा हात ताटात, वैनी पदर सावरतीय, खाली उजव्या कोपऱ्यात काकूच्या बोटाचं टोक धुरकट, चंद्र उगवल्यासारखं. आणि अप्पा हसायलेत. अप्पा. माझ्याकडं बघून. मी खाली ताटात बघतोय. वडगावच्या जागेचं झाल्यापासून अप्पांनी माझ्याकडं नीट... असू दे ते.

ओली पट्टी बल्बसमोर धरली होती तेव्हा निगेटिव्हमध्ये अप्पांचे दात काळे आणि केस काळेभोर. पांढऱ्याचं काळं होतं हे मला काय नवीन नाही, तरी पोटात काहीतरी झालं. खडे बाजारातनं हा कॅमेरा घेऊन आले तेव्हा तसेच दिसत असतील. ते दुकान आता नाही, तिथं मोबाईलची कव्हरं विकतात.

मोरीत उभा राहून, चिमटा दातात धरून, तेवढाच फोटो दहा-बारा वेळा बघितला असेल. मग मोबाईलनं त्याचाच फोटो घेतला आणि त्यातलं काळं-पांढरं उलटं केलं. गंमतच म्हणायची, एवढा खटाटोप करून शेवटी मोबाईलच.

अकरावा राहिला सांगायचा. रोल पुढं सरकवायची गुंडी फिरवायला विसरलो, एकावर एक दोन फोटो बसलेत, देवळाचा कळस आणि त्यावर वैनीच्या वाळत घातलेल्या साड्या. हा मुद्दाम केलाय म्हणून खपवता आला असता. ऑफिसातल्या एक-दोघांना दाखवला पण, वा म्हणाले. काकूचा नाही दाखवला कुणाला. का ते... मत्सर म्हणायचं का त्याला? सत्तरीतल्या बाईचा मत्सर. दुसरा शब्द शोधतोय, सापडंना.

आज सकाळी काकूला मोबाईलवर दाखवला. चष्मा शोधण्यात पाच मिनिटं गेली. बघितला आणि म्हणाली, अगा, गोठ्याचं छप्पर किती गळायलंय बघ त्यात, हे आले की दाखव. छप्पर! मला हसू आलं, कालपासून पहिल्यांदा. मग विचारलं एक फोटो केवढ्याला पडतो. म्हटलं रोल हजाराच्या आसपास, भागिले बारा. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, म्हणजे त्या गडावर तू सातशे रुपये उन्हात घातलास.

अप्पांना दाखवलेला नाही अजून. दाखवीन. उद्या नाहीतर परवा.

संध्याकाळी नवीन रोल घातला, या खेपेला शंभरचा, ऊन पडलं तर पडू दे. मागच्या लाल काचेत, जिथं कितवा फोटो ते दिसतं, 1 आकडा आणून कॅमेरा स्वयंपाकघरात फळीवर ठेवला, मसाल्याच्या डब्याशेजारी. काकूला गुंडी फिरवायची कशी ते दाखवलं, आकडा दिसला की थांबायचं. होय की, तेवढं कळतंय मला, म्हणाली.

आत्ता पाणी प्यायला गेलो तर काचेत 3. कशाचे काढले विचारायला जीव खालीवर होतोय खरं ती झोपलीय. रात्रीच्या ट्यूबलाईटात काढले असतील तर शंभरच्या रोलवर काय येणार नाही. दीडशे रुपये गेले.