सर, सिस्टर, मामा, मावशी

स्वीडनला आल्यावर पहिले दोन आठवडे मी आमच्या वॉर्डातल्या मुख्य सर्जनना हाकच मारली नाही. समोर जाऊन उभी राहायचे आणि त्यांनी मान वर केली की बोलायला लागायचे. मी ठाण्याच्या नौपाड्यात वाढले, नवी मुंबईत फिजिओथेरपी शिकले. साठीच्या सर्जनला नुसत्या नावाने हाक मारायची आणि पुढे ‘डू’, म्हणजे आपलं ‘तू’, लावायचं, हे तोंडून निघेचना. फोनवर आईला सांगितलं तर म्हणाली, "तुझ्या जिभेला काही हाड?"

आपल्याकडच्या वॉर्डात कोणाला काय म्हणतात, आठवून बघा. डॉक्टर सर किंवा मॅडम. नर्स सिस्टर. वॉर्डबॉय मामा, आया मावशी. मी ‘व्यायामवाल्या मॅडम’. मला ही हाक मारायची पद्धत आवडते, मामा-मावशीत माया आहे. पण राउंडला सरांच्या मागे दहा जण चालत असताना मामा आणि मावशींना कोणी काही विचारत नाही, हेही त्या हाकेतच ठरून गेलेलं असतं.

इंटर्नशिपमधली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. खुब्याच्या ऑपरेशननंतरच्या एका आजींची पोटरी सुजली होती. नाइटच्या सिस्टरला ते दिसलं. तिने सकाळी मला सांगितलं, सरांना नाही. मी हात लावून पाहिलं, पोटरी गरम होती. आणि मीही सरांना सांगितलं नाही, कारण त्या दिवशी राउंडला सर आधीच एका रेसिडेंटवर उखडले होते. दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीत रक्ताची गुठळी निघाली. आजी बऱ्या होऊन घरी गेल्या. अख्खा दिवस दोघींना माहीत होतं आणि दोघी गप्प होतो. संध्याकाळी ठाण्याच्या गाडीत बसून मी ऐरोलीपर्यंत रडत होते.

आता इकडचं सांगते. मी लिनशॉपिंगला आहे. इथल्या विद्यापीठाने 1986 मध्ये आरोग्यशास्त्राची नवी शाखा उघडली, तेव्हाच ठरवलं की डॉक्टर, नर्स, फिजिओ वगैरेंनी काही भाग एकत्र शिकायचा. नवं घर बांधताना भिंती कुठे घालायच्या ते आपल्या हातात असतं, तसंच हे. 1996 मध्ये त्यांनी ऑर्थोपेडिक्सचा एक वॉर्डच विद्यार्थ्यांच्या हाती दिला. मागे अनुभवी माणसं उभी असतात, पण पेशंटचं रोजचं सगळं हीच मुलं मिळून बघतात. अंघोळ घालायला डॉक्टरकीचा विद्यार्थीही जातो. अशा शिक्षणाला जागतिक आरोग्य संघटनेने 2010 मध्ये स्वतंत्र आराखडा दिला. त्यातलं सूत्र साधं आहे: एकमेकांसोबत, एकमेकांकडून आणि एकमेकांबद्दल शिकायचं.

अशा मुलांसोबत मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा एका बाईंना घरी सोडायचं चाललं होतं. होणाऱ्या डॉक्टरने कागद तयार ठेवले होते. ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे पेशंटला रोजची कामं पुन्हा जमवून देणं, शिकणारी मुलगी शांतपणे म्हणाली, "त्यांचं बाथरूम वरच्या मजल्यावर आहे. आज नाही." तो म्हणाला, "बरं, मग कधी?" बास, संपलं. कोणी रागावलं नाही, कोणाचा अपमान झाला नाही. मग सर्जन माझ्याकडे वळून म्हणाले, "तुला काय वाटतं?" मी म्हटलं, "तुम्ही म्हणाल तसं." सगळे हसले, कारण त्यांना तो विनोद वाटला.

हा मोकळेपणा त्यांच्या रक्तातच असेल असं मी धरून चालले होते. तसं नाही. साठच्या दशकापर्यंत स्वीडिश माणूसही पदवी लावून बोलायचा: ‘डॉक्टरसाहेब कॉफी घेणार का?’ आपण ‘सरांना चहा चालेल ना?’ म्हणतो तसंच अगदी. मग 1967 मध्ये इथल्या सरकारी वैद्यकीय खात्याचे नवे प्रमुख ब्रूर रेक्सेड यांनी जाहीर करून टाकलं की मी सगळ्या कर्मचाऱ्यांना ‘डू’ म्हणणार. वारं आधीच फिरलं होतं, पण नाव त्यांचं लागलं. हे वाचलं आणि मी उडालेच. मज्जारज्जूतले ‘रेक्सेडचे थर’, दहाच्या दहा, परीक्षेसाठी घोकले होते ना, तेच हे रेक्सेड!

गेर्ट हॉफस्टेडे नावाच्या डच अभ्यासकाने देशोदेशींच्या माणसांना वरिष्ठ-कनिष्ठातलं अंतर किती मान्य असतं याचे आकडे काढले होते. त्यात भारत 77, स्वीडन 31. आपलं निदान झाल्यासारखं वाटतं. पण मूळ पाहणी आयबीएमच्या कर्मचाऱ्यांची होती. त्यात ना मावशी होती, ना नाइटची सिस्टर. शिवाय इथेही उतरंड आहेच, फक्त ती दिसत नाही. सगळ्यांचं ऐकून झाल्यावर कॉफी पिता पिता निर्णय भलताच होतो, आणि तो कोणी घेतला ते मला अजून कधीकधी कळत नाही. आपल्याकडे निदान सर कोण ते कळतं!

कागदावर आपणही मागे नाही. आपल्या एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात, 2019 पासून, डॉक्टर हा आरोग्यपथकाचा ‘नेता आणि सदस्य’ असावा असं लिहिलंय. सदस्य कसं व्हायचं, तिथे अडतं.

गेल्या महिन्यात सुट्टीवर ठाण्याला आले होते. माझी शाळेतली मैत्रीण आता एका छोट्या हॉस्पिटलात वॉर्ड सांभाळते. तिने आधी ‘मला नावाने हाक मारा’ करून पाहिलं. आठवडाभर कोणी तिला हाकच मारली नाही (मला पटलंच!). मग तिने ते सोडलं आणि एवढंच केलं: राउंडला आधी सिस्टर बोलणार, मग मावशी, मग बाकीचे, आणि मॅडम, म्हणजे ती स्वतः, सगळ्यांत शेवटी.

मी गेले त्या दिवशी एका आजोबांना नळीने अन्न द्यायचं का, यावर रेसिडेंट तयारीत होता. दोन दिवस पोटात काही नाही, गिळायला त्रास असावा. मावशींची पाळी आली. पदर सावरत, पुन्हा पुन्हा ‘मॅडम’ म्हणत त्या बोलल्या.

"मॅडम, त्यांना गिळता येतंय हो. कवळी घरी राहिलीय त्यांची, कळव्याला. लाजतात सांगायला."

मैत्रिणीने रेसिडेंटला सांगितलं, मुलाला फोन लाव.