उंबऱ्यावर टेकलेली बोट

इंग्लंडमधल्या लेस्टरजवळच्या फॉक्स्टनला, कालव्यावर, मी उन्हाळ्यात स्वयंसेवक लॉक-कीपर म्हणून उभा राहतो. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारे असलेली कोठी, तिच्यातले पाणी वरखाली करून बोट चढवायची किंवा उतरवायची. तिथला ७५ फुटांचा चढ बोटी १८१४ पासून दहा लॉकांनी चढतात. पाच-पाच लॉकांचे दोन जिने, मध्ये बोटींना एकमेकींना वाट देण्यापुरते पाणी, आणि प्रत्येक लॉक जेमतेम सात फूट रुंद. दोन लॉकांमधले पाणी बाजूच्या तळ्यातून फिरते. म्हणून आधी लाल झडप उघडून तळ्यातले पाणी खालच्या लॉकमध्ये सोडायचे आणि मगच पांढरी उघडून वरच्या लॉकचे पाणी तळ्यात घ्यायचे. क्रम उलटला, तर तळे भरून वाहते आणि तेवढे पाणी वाया जाते. भाड्याची बोट घेऊन येणाऱ्यांना हे मी तीनतीनदा सांगतो, कारण थोडक्या शिकवणीवर त्यांच्या हाती सुकाणू देण्याची पद्धत मला कधीच पटलेली नाही.

त्या दुपारी मात्र चुकलो मीच. एक लांब बोट सर्वांत वरच्या लॉकमधून उतरायची होती. मी लाल आणि पांढरी झडप क्रमाने उघडली आणि, मराठी कानावर पडल्याच्या आनंदात, काठावरच्या पुणेकर जोडप्याला शेजारच्या उताराची हकीकत सांगू लागलो: १९०० मध्ये सुरू झालेला, पाण्याने भरलेल्या पेट्यांतून बोटींना वाफेच्या जोरावर बारा मिनिटांत वर नेणारा उतार, पण याच कालव्यावरची पुढची वॉटफर्डची लॉके अरुंदच राहिली, मालवाहतूक रोडावली, आणि १९२८ मध्ये सगळी यंत्रे भंगारात गेली. "भंगारात?" असे त्या गृहस्थांनी विचारले, तेवढ्यात पलीकडून माझा सहकारी ओरडला.

वरच्या दाराच्या पायथ्याशी एक उंबरा असतो. लॉक भरलेले असताना तो दिसत नाही, भिंतीवरची पांढरी खूण तेवढी त्याची हद्द दाखवते. लॉकमधले पाणी उतरत असताना बोटीची मागची बाजू त्या हद्दीत राहून उंबऱ्यावर टेकली होती, पुढचे टोक खाली चालले होते आणि आतून भांडी घरंगळल्याचा आवाज येत होता. मी आधी पांढरी झडप पाडली, मग लाल. नंतर वरच्या दाराकडची झडप तिच्या दातेरी पट्टीवर दोनच दात उचलली, कारण एकदम सोडलेल्या लोंढ्याने बोट आदळली असती. वरच्या वीस मैलांच्या सपाट कालव्यातले पाणी इंचाइंचाने आत आले आणि मागची बाजू अलगद सुटली.

सुकाणूवरच्या बाईंनी माझे दोनदा आभार मानले. सहकारी काहीच बोलला नाही. झडप उघडण्यापूर्वी "बोट पुढे घ्या" असे बाईंना सांगणे माझे काम होते. ते मी सांगितले होते की नाही, हे मला अजूनही आठवत नाही.