अरबीचा जड 'त' : उच्चारांच्या कामाचा अपडेट

अरबी शब्दांच्या मूळ धातूंवरून बनवलेला अँकीचा (फ्लॅशकार्डचं ॲप) डेक मस्त चाललाय, त्यावर आज लिहीत नाही. आज फक्त उच्चार. शारजात वीकेंडला आम्ही काही मराठी मंडळी जमून अरबी शिकतो आणि सगळ्यांची गाडी अडते ती जड अक्षरांवर (जी जीभ मागे ओढून म्हणतात), साद, दाद, जड ता आणि जड झा. 'ताब' म्हणजे त्याने पश्चात्ताप केला, आणि तेच जड त ने म्हटलं की 'छान झालं', आता देवनागरीत दोन्ही सेमच लिहावं लागतं आणि आपल्या कानालाही सुरुवातीला सेमच लागतं. मग काहीजण जोर लावून सरळ ट म्हणतात, जो अरबीत नाहीच.

तर एका जॉर्डनच्या मित्राकडून अशा जोड्या रेकॉर्ड करून घेतल्या आणि प्राटमध्ये उघडल्या (आवाजाचं विश्लेषण करणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे, ॲमस्टरडॅमच्या बूर्स्मा आणि वेनिंक यांनी बनवलंय, नसेल तर आजच घ्या). पुरुषाचा आवाज म्हणून फॉर्मंट (तोंडाच्या पोकळीत आवाज जिथे जास्त घुमतो त्या फ्रिक्वेन्सी) शोधायची वरची मर्यादा, म्हणजे सीलिंग, 5500 हर्ट्झवरून 5000 वर आणलं. आणि खरी गंमत पुढच्या 'आ' मध्ये निघाली! साध्या त नंतर दुसरा फॉर्मंट 1500 हर्ट्झच्या आसपास, जड त नंतर 1100 च्या जवळ. जिभेचा मागचा भाग घशाकडे ओढला जातो म्हणून तो एवढा खाली येतो, आणि ऐकायला तो 'आ' आपल्या 'ऑ' कडे झुकलेला वाटतो. बसऱ्याच्या सिबवैह या अरबी व्याकरणकाराने 8व्या शतकात याच चार अक्षरांचा वेगळा गट केला होता, जीभ वर टाळूकडे उचलली जाते म्हणून, तेही नुसत्या निरीक्षणावर. मला याचं फार अप्रूप वाटतं.

आता नवे कार्ड असे केलेत की व्यंजन कापून टाकायचं, फक्त स्वराचा तुकडा वाजतो, आणि आधी कुठला त होता ते ओळखायचं. पहिल्यांदा सगळे वैतागतात पण एकदा कान स्वरावर बसला की बोलतानाही ट आपोआप सुटतो, हे ग्रुपमध्ये स्पष्ट दिसतंय.

पुढचं काम म्हणजे अबू धाबीच्या एनवाययूचं (न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी) कॅमल टूल्स हे अरबीसाठीचं सॉफ्टवेअर, त्यातून बिनमात्रांच्या वाक्यांना मात्रा (ऱ्हस्व स्वरांच्या खुणा) लावून घ्यायच्यात, पायथन सेटअप झालाय. त्याआधी बायकांच्या आवाजातल्या जोड्या हव्यात, सगळे कार्ड एकाच पुरुषाच्या आवाजात आहेत आणि मंडळी तो आवाजच पाठ करतायत. कुणाकडे स्वच्छ रेकॉर्डिंग असेल तर सांगा, वेव्ह फाइल असेल तर उत्तम.