अळवावरचं पाणी आणि १ मिमीची चकती: पाण्यातलं लोह, नोंद ३

पाण्यातलं थोडंसं लोह रंग आणून मोजायचं, आणि तो रंग गडद दिसावा म्हणून आधी थेंब आटवून लोह दाट करायचं, असा हा प्रयत्न. मागच्या नोंदीत थेंब २० पट आटवूनही रंग जेमतेमच गडद झाला होता. कारण भूमितीत आहे. अळवाच्या पानावर बसतो तसा १० मायक्रोलिटरचा गोल थेंब साधारण २.७ मिमी व्यासाचा असतो. तो अर्ध्या मायक्रोलिटरवर आला की १ मिमीचा होतो. लोह २० पट दाट झालं खरं, पण प्रकाशाची वाट क्युव्हेटमधल्या (रंग मोजायच्या नेहमीच्या चौकोनी काचपात्रातल्या) १० मिमीऐवजी १ मिमीच उरली. पदरात पडला फक्त दुप्पट फायदा.

म्हणून थेंबातला रंग बघणं सोडलं. आता पाणी झटकणाऱ्या पृष्ठभागावर थेंब १ मिमीच्या कागदी चकतीवर आटवून त्यातलं सगळं लोह चकतीत उतरवायचं. १० मायक्रोलिटरमधलं लोह ०.७९ चौरस मिमीवर बसलं, तर ते जवळपास १३ मिमी लांबीच्या क्युव्हेटइतका रंग देईल. त्याच चकतीवर पाच थेंब पाठोपाठ आटवले तर ६४ मिमी! काचेवर हे होत नाही. तिथे थेंब पसरून अडकतो आणि सगळा ऐवज चहाच्या डागासारखा कडेला जातो.

पृष्ठभागासाठी २ मिमी जाडीची टेफ्लॉन शीट, २४० नंबरच्या पॉलिश पेपरने गोल गोल, दिशा बदलत घासलेली. एवढ्यावर स्पर्शकोन (थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन; जितका मोठा तितका थेंब गोल) १५० अंशांच्या आसपास जातो. ॲल्युमिनियमवर स्टिअरिक आम्लाचा थरही पाणी छान झटकतो, पण ॲल्युमिनियमच्या पत्र्यात लोह असतं आणि आम्लयुक्त नमुना ते ओढून घेतो. या कामाला तो बाद. घासलेलं टेफ्लॉनही विरल हायड्रोक्लोरिक आम्लात रात्रभर ठेवून डिस्टिल्ड पाण्याने धुवायचं, कारण पेपरची भुकटी त्यात रुतलेली असते. धुतल्याने घासताना आलेला विद्युतभारही जातो. तो राहिला तर थेंब बाजूला सरकतो आणि चकती उडते.

चकती ॲशलेस (जाळल्यावर जवळपास राख न उरणाऱ्या) फिल्टर पेपरची, १ मिमीच्या बायोप्सी पंचने (गोल पात्याच्या वैद्यकीय हत्याराने) कापलेली. तिला आधी डिस्टिल्ड पाण्याने ओलं करायचं. थेंब एरवी पिपेटच्या टोकालाच चिकटून राहतो, ओली चकती त्याला ओढून घेते.

दर १० मिली नमुन्यात १० मायक्रोलिटर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल घालायचं, म्हणजे लोह गंजासारखं खाली बसत नाही. आम्ल प्रयोगशाळेच्या दर्जाचंच हवं. बाथरूम धुण्याचं पिवळं आम्ल लोहामुळेच पिवळं दिसतं. २७ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेला एक थेंब आटायला तासभर लागतो, पावसाळ्यात ८५ टक्क्यांना त्याच्या तिपटीहून जास्त. झाकणाच्या डब्यात सिलिका जेल ठेवून आटवलं तर वेळ वाचतो आणि धूळही अडते. दख्खनच्या मातीत लोह भरपूर आहे, उघड्यावर ठेवलेली कोरी चकतीही रंग दाखवेल.

पाचवा थेंब आटल्यावर लोहाला रंग देण्याजोग्या फेरस रूपात आणणारं १० टक्के हायड्रॉक्सिलअमीन हायड्रोक्लोराइड ०.५ मायक्रोलिटर, पाच मिनिटं थांबून त्या लोहाशी रंग देणारं ०.१ टक्के फेनॅन्थ्रोलिन (१० टक्के अमोनियम ॲसिटेटमध्ये) ०.५ मायक्रोलिटर. नारिंगी-लाल रंग येतो. त्याचं शोषण ५१० नॅनोमीटरला, म्हणजे हिरव्या प्रकाशात, सर्वाधिक, म्हणून फोटोतला हिरवा चॅनेल मोजायचा. तुलनेसाठीचं, लोह किती ते माहीत असलेलं प्रमाण द्रावण मोहर क्षाराचं (फेरस अमोनियम सल्फेट): ७० मिग्रॅ १०० मिलीत, म्हणजे लिटरला १०० मिग्रॅ लोह. त्यातून ०.०५, ०.१ आणि ०.२ मिग्रॅ/लिटर करायचं. प्रत्येक शीटवर नमुना न घातलेल्या दोन कोऱ्या चकत्या हव्यातच.

बोअरवेलचं जड पाणी अजून छळतंय. लिटरला ५०० मिग्रॅ क्षार असतील तर पाच थेंबांत २५ मायक्रोग्रॅम होतात, आणि चकतीचं स्वतःचं वजन ८० मायक्रोग्रॅमच्या आसपास! आम्लामुळे तयार झालेलं कॅल्शियम क्लोराइड हवेतलं पाणी शोषतं, चकती सुकतच नाही, आणि मग अभिकर्मक (रंग आणणारं द्रावण) कडेने ओघळतो. अशा पाण्याला दोनच थेंब, आणि प्रमाण द्रावण वेगळं न ठेवता त्याच नमुन्यात मिसळून तुलना. साबणाचं पाणी इथे आणूच नये. टेफ्लॉनच्या खाचांत शिरलं की थेंब गोल राहत नाही. पुढच्या नोंदीत चकती १.५ मिमीची, म्हणजे क्षारांना सव्वादोन पट जागा.