हातचा घेतला हे खरं, पण कशाचा?

६८ + ५७ = १२५. यावर कोणी वाद घालेल असं वाटत नाही, पण तत्त्वज्ञ सॉल क्रिपकेनं १९८२ साली विटगेनस्टाइन या आधीच्या तत्त्वज्ञावर एक छोटं पुस्तक काढलं आणि त्यात एक असा संशयी उभा केला की तो म्हणतो उत्तर ५ आहे, आणि खरा वैताग म्हणजे त्याला गप्प करता येत नाही.

समजा ५७ किंवा त्याहून मोठा आकडा असलेली बेरीज आपण आजवर केलेलीच नाही (५७ नसेल तर दुसरा कुठला आकडा घ्या, आयुष्यात केलेल्या बेरजा शेवटी मोजक्याच). मग 'अधिक' म्हणताना आपल्या मनात बेरीजच होती कशावरून? 'क्वस' असेल की, म्हणजे दोन्ही आकडे ५७ पेक्षा लहान असले तर नेहमीची बेरीज, नाहीतर सरळ ५. आजवरची सगळी उत्तरं दोन्हीकडे तंतोतंत जुळतात.

आपण म्हणणार, अरे मी शाळेत रीत शिकलोय, आठ नि सात पंधरा, पाच मांडले, हातचा एक... तर तो विचारतो 'हातचा' तरी किती वेळा घेतलायस, त्याचा अर्थ कशावरून ठरला? बरं हा पुराव्याचा प्रश्नच नाहीये, क्रिपके म्हणतो देवानं तुमच्या मनात डोकावलं तरी त्याला तिथे 'बेरीज' सापडणार नाही.

मग लोक मेंदूच्या सवयीवर येतात, विचारलं तर मी १२५च म्हणेन ना! हे मला अजिबात पटत नाही, कारण एखादा दर वेळी हातचा विसरून ११५ म्हणत असेल तर त्याच्यापुरतं ११५ बरोबर धरायचं का? सवय फक्त काय म्हणाल ते सांगते, काय म्हणायला पाहिजे ते नाही.

क्रिपकेला विटगेनस्टाइनमध्ये दिसलेला तोडगा म्हणजे समाज: बाकीच्यांशी उत्तरं जुळली की माणसाला बेरीज येते असं आपण म्हणतो. पण बाकीच्यांच्या बेरजाही मोजक्याच की!

मॅकडॉवेल या दुसऱ्या तत्त्वज्ञानं १९८४ मध्ये दाखवलं की विटगेनस्टाइनच्या 'फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स'मधल्या ज्या परिच्छेदातून (२०१) क्रिपके हा संशय उचलतो, त्यातच विटगेनस्टाइन पुढे म्हणतो, नियम कळणं म्हणजे दर वेळी त्याचा अर्थ लावणं नव्हे. छान आहे, तरी मला हे थोडं प्रश्न टाळल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा तत्त्वज्ञ बोघोसियन (१९८९) बरा, तो सरळ म्हणतो अर्थ ही मूळचीच गोष्ट आहे, सवयीबिवयीत मोडून दाखवता येत नाही. मी सध्या तिकडे झुकलोय, फक्त अशी गोष्ट डोक्यात असते कशी ते तेवढं कोणीतरी सांगा.